मदत हवी आहे: कॉकर स्पॅनियलला काचबिंदू, उजवा डोळा गेला, डावा वाचवायचाय (बेळगाव)

उद्यमबागवाला:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही म्हणून सांगतोय.

आमचा बंटी, कॉकर स्पॅनियल, वय सात, वजन बारा किलो. कॅम्पातल्या एका ऑफिसरची बदली झाली तेव्हा त्यांनी आमच्याकडं सोडला, तेव्हा दोन वर्षांचा होता. हिंदीतच बोललेलं कळायचं त्याला, आता मराठी, कन्नड दोन्हीत शिव्या कळतात.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी उजवा डोळा लाल दिसला. मी फौंड्रीत आहे, फर्स्ट शिफ्ट होती, बघितलं आणि गेलो. गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता उकरून ठेवलाय, वाटलं धूळ गेली असेल. बुधवारी इथल्या एका दवाखान्यात नेला, नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. त्यांनी टॉर्च मारून बघितलं, "कण्णु केंपागिदे (डोळा लाल झालाय), इन्फेक्शन आहे" म्हणाले आणि अँटिबायोटिकचे ड्रॉप्स दिले. चार दिवस घातले. बंटी कोपऱ्यात तोंड करून बसायचा, जेवण अर्धं सोडायचा, डोक्याला हात लावू द्यायचा नाही, आम्ही आपलं म्हणतोय ड्रॉप्स झोंबत असतील.

रविवारी दुपारी बाबा अंगणात बसले होते, बंटी उन्हात होता, तेव्हा त्यांना दिसलं की डोळा निळसर दुधी झालाय आणि मधलं काळं एवढं मोठं झालंय आणि कडक उन्हात पण बारीक होत नाही. बाबांना स्वतःला काचबिंदू आहे, नऊ वर्षं झाली रोज रात्री ड्रॉप्स घालतात. मला हाक मारून म्हणाले, "अरे ह्याचं माझ्यासारखं झालंय की काय बघ." मी हसलो. कुत्र्याला कुठला काचबिंदू म्हटलं.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला, रविवार असून आले बिचारे. डोळ्याच्या आतलं प्रेशर मोजायचं मशीन नव्हतं त्यांच्याकडं. दोन्ही पापण्या मिटवून वरून बोटानं हलकं दाबून बघितलं आणि मला पण दाबायला लावलं. डावा पिकलेल्या टोमॅटोसारखा, उजवा कच्च्या पेरूसारखा. मग म्हणाले आजच्या आज मॅनिटॉल लावू, डोळ्याचं प्रेशर उतरवायचं सलाईन. बाटलीत खडे जमलेले, ती गरम पाण्याच्या पातेल्यात धरून बसलो, पातेलं आईचं चहाचं. अर्धा तास सलाईन, नंतर चार तास पाणी द्यायचं नाही, आणि तो नुसता भांड्याजवळ जाऊन बघत बसायचा. रात्रीच गाडी काढून पुण्याला डोळ्यांच्या स्पेशालिस्टकडं. पहाटे पोचलो. तिथं प्रेशर मोजलं, मॅनिटॉल देऊनसुद्धा उजव्याचं ४६, डाव्याचं १८. नॉर्मल साधारण १० ते २५ म्हणे. उजव्या डोळ्यात उजेड मारला तरी काही नाही. "दिसायच्या दृष्टीनं हा डोळा गेला, आता दुखणं कमी करायचं आणि दुसरा सांभाळायचा" एवढंच बोलल्या मॅडम. एक आठवडा लवकर आला असता तर, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं.

औषध असं आहे. उजव्या डोळ्यात डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल एकत्र असलेले ड्रॉप्स दिवसातून तीन वेळा, शिवाय लॅटानोप्रोस्ट सकाळ-रात्र. डाव्यात तेच डॉर्झोलामाइड-टिमोलॉल दोन वेळा, तो चांगला आहे तरी. इथल्या डॉक्टरांनी डायमॉक्सच्या गोळ्या दिलेल्या त्या पुण्यात बंद केल्या, कारण घेतल्यावर लई धापा टाकायचा आणि दोनदा उलटी झाली.

खडेबाजारात मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली, नाव बंटी, वय सात. चष्मा काढून म्हणतोय, "अहो एवढ्या लहान पोराला काचबिंदू?" मी काय सांगणार. म्हटलं होय, घरात आजोबांना पण आहे.

आता विचारायचंय ते असं की माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, आठ-आठ तासांचं गणित बसत नाही, एखादा डोस दोन तास मागं-पुढं झाला तर चालतंय काय? दुसरं म्हणजे लॅटानोप्रोस्ट घातल्यावर बुबुळाचं काळं अगदी टाचणीच्या टोकाएवढं होतंय आणि डोळा लाल पण होतोय, बाबा घाबरले कारण त्यांना तसं कधी होत नाही. तिसरं, तो आठवडाभर सुस्त आहे, हे दुखण्यानं की औषधानं? मॅडम म्हणाल्या उजव्याचं प्रेशर उतरलं नाही तर डोळा काढायचा विचार करा, ते ऐकल्यापासून आई जेवत नाहीये नीट. आणि प्रेशर मोजायला दर वेळी पुणं म्हणजे ३४० किलोमीटर जायचं, पगार कापून यायचं, जवळपास कुठं सोय आहे काय कुणाला माहीत?

एक चूक पण सांगतो. परवा रात्री आमची लॅटानोप्रोस्टची बाटली संपली, मेडिकल बंद, तर बाबांच्या बाटलीतनं घातला. औषध तेच आहे. बाबाच म्हणाले घाल. चाललं काय हे?

शहापूर_गल्ली:

वाईट वाटलं वाचून. आमच्या आजीकडं डोळ्याला मध आणि गुलाबपाणी घालायचे, लाली दोन दिवसात जायची. करून बघा, नुकसान तर काय नाही.

खानापूरची_अक्का:

नुकसान आहे हो दादा, प्लीज असलं सांगू नका. माझ्या बीगल कुत्रीला पहिला आठवडा मी असलंच काहीबाही घातलं होतं, त्यात वेळ गेला. लाली ही वरची गोष्ट, आत प्रेशर आहे, मधानं ते काय उतरणार.

उद्यमबागवाला, मी तुमच्या जागी दोन वर्षांपूर्वी होते म्हणून लिहिते. मोबाइलवर तीन अलार्म लावा, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, आणि तीन माणसं ठरवा. कोण कधी ते फ्रिजवर लिहून चिकटवा, नाहीतर दोघं दोनदा घालतात किंवा कुणीच घालत नाही, आमच्याकडं दोन्ही झालंय. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मधे पाच-दहा मिनिटं सोडा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. आणि समोरून बाटली घेऊन जाऊ नका, तो मागं सरकतो. त्याला तुमच्या गुडघ्यात पाठमोरा बसवा, हनुवटी वर, बाटली डोक्याच्या मागून आणा म्हणजे त्याला दिसतच नाही. झालं की लगेच भाकरीचा तुकडा. आमची आता अलार्म वाजला की स्वतः येऊन बसते, भाकरीसाठी.

दुसऱ्या डोळ्याचं औषध तो चांगला दिसतोय म्हणून सोडू नका. मी तीन महिन्यांनी सोडलं होतं. अकरा महिन्यांनी तो डोळा पण गेला. आता ती पूर्ण आंधळी आहे, घरात आरामात फिरते, पण ते टळलं असतं.

जनावरांचा_डॉक्टर:

मी चिकोडीकडं सरकारी पशुवैद्य आहे, गाई-म्हशी जास्त, डोळ्यांचा स्पेशालिस्ट नाही. तरी जे माहीत आहे ते सांगतो, औषधात बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी बाबांचं आणि बंटीचं काचबिंदू वेगळं कसं ते. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं आणि कडेच्या बारीक जाळीतनं बाहेर जातं. माणसात बहुतेक वेळा ही जाळी वर्षानुवर्षं हळूहळू तुंबते, दुखत नाही, नजर कडेनं कमी होत जाते. कॉकर, बॅसेट हाउंड, हस्की असल्या जातींत ही जाळी जन्मतःच अरुंद असते आणि एक दिवस अचानक बंद पडते, तासातासाला प्रेशर चढतं. ५०-६० च्या वर गेलं की एक-दोन दिवसात नजर कायमची जाऊ शकते, आणि दुखतं पण प्रचंड, अर्धशिशीसारखं. कुत्रं रडत नाही, कोपऱ्यात बसतं. तुम्ही जे लिहिलंय ते तंतोतंत तेच आहे. पहिल्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही, आमच्याकडं तालुक्याला प्रेशर मोजायचं मशीन नसतं, आणि लाल डोळा दिवसात दहा येतात. पण लाल डोळ्यात मधलं काळं मोठं आणि उजेडाला हलत नसेल, तर ते साधं इन्फेक्शन नव्हे, हे मात्र वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

लॅटानोप्रोस्टनं बुबुळ टाचणीएवढं होणं कुत्र्यात अपेक्षितच आहे, औषध लागू पडतंय असं समजा. थोडी लाली पण येते. माणसात बुबुळ असं आवळत नाही म्हणून बाबा घाबरले. हे औषध पाण्याला बाहेर जायला दुसरी वाट मोकळी करून देतं, म्हणून प्रेशर लवकर उतरतं, काही कुत्र्यांत तासाभरात. पण डोळ्यातलं भिंग निसटून पुढं आलं असेल तर हे घालायचं नाही, बुबुळ आवळलं की पाणी आणखी अडकतं. आत सूज असेल तरी जपून. तुमच्या मॅडमनी भिंग बघूनच दिलं असणार.

डॉर्झोलामाइड पाणी तयार होणंच कमी करतं. डायमॉक्सची गोळी त्याच कामाची, पण ती सगळ्या अंगात जाते, म्हणून धापा, उलट्या, पोटॅशियम कमी होणं. दोन्ही एकदम दिल्यानं जास्त फायदा होत नाही, गोळी बंद केली ते बरोबरच. ह्याचा डोस आठ तासांनी असतो, तासभर इकडं-तिकडं झालं तर आभाळ कोसळत नाही, पण दोनदा-तीनदा चुकला तर प्रेशर परत चढतं.

आता सुस्तीचं. टिमोलॉल डोळ्यातनं नाकात, नाकातनं रक्तात जातं आणि हृदयाचे ठोके कमी करतं. बारा किलोच्या कुत्र्यात, दोन्ही डोळ्यांत मिळून दिवसाला पाच थेंब जातायत, बघायला पाहिजे. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवा, नाडी लागते. जागा असताना, शांत बसलेला असताना पूर्ण मिनिटभर मोजा आणि इथं लिहा. झोपेत मोजू नका, झोपेत कमीच येते.

बाबांच्या बाटलीबद्दल. औषध एकच, पण बाटलीचं टोक कुत्र्याच्या पापणीला लागलं की ती बाटली बाबांना नको. माणसाला परत ती वापरू देऊ नका, आजच नवीन आणा. लॅटानोप्रोस्ट न फोडलेली फ्रिजमध्ये ठेवा, फोडल्यावर चार ते सहा आठवड्यांनी टाका, थोडी उरली म्हणून पुढं वापरू नका. घरात कुणी गरोदर असेल तर ते घालायचं काम तिच्याकडं देऊ नका.

आणि ॲट्रोपिन. डोळा दुखतोय म्हणून कुणी हे ड्रॉप्स लिहून दिले तर नको म्हणा. बुबुळ मोठं करतं, काचबिंदूत प्रेशर वाढवतं.

निपाणकर:

डॉक्टरसाहेबांनी सगळं सांगितलंच आहे, मी एकच भर घालतो. बाटल्या उंचावर ठेवा. आमच्या लॅब्रेडॉर कुत्र्यानं आईची काचबिंदूची बाटली चावून खाल्ली, ती ब्रिमोनिडिनची होती. अर्ध्या तासात झोकांड्या खायला लागला, मग उठेचना, ठोके एकदम कमी. रात्री दीड वाजता कोल्हापूरला पळवला, दोन दिवस सलाईनवर होता. वाचला. तुमच्याकडं बाबा पण ड्रॉप्स घालतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

मशीनचं म्हणाल तर कोल्हापुरात एक-दोन प्रायव्हेट डॉक्टरांकडं आहे असं ऐकलंय, ११० किलोमीटर म्हणजे पुण्यापेक्षा बरं. पुण्याला जाताच असाल तर वाटेत शिरवळला व्हेटर्नरी कॉलेज आहे हायवेलगत, तिथं विचारा. तुमच्याकडनं गदगला पण कॉलेज आहे. कुठंही जायच्या आधी फोन करून मशीन चालू आहे काय ते विचारा, नाहीतर सगळं कुत्रं घेऊन फुकट हेलपाटा.

उद्यमबागवाला:

सगळ्यांचे लई आभार. अक्का, गुडघ्यात पाठमोरा बसवायची आयडिया एकदम बेस्ट, पहिल्याच दिवशी बसला. भाकरी नको म्हणतोय, बेळगावचा गोड कुंदा पाहिजे त्याला. नाही देत, नखभर पण नाही.

बाबांची नवीन बाटली आणली. जुनी बंटीची म्हणून त्यावर पेनानं "बं" लिहिलंय.

डॉक्टरसाहेब, नाडी मोजली. जागा असताना ५४, परत मोजली ५६. हे कमी आहे काय?

जनावरांचा_डॉक्टर:

बारा किलोच्या, जाग्या कुत्र्याला हे कमीच. पुण्याच्या मॅडमना आजच फोन करून हा आकडा सांगा. स्वतःहून बंद करू नका, बहुतेक टिमोलॉल काढून नुसतं डॉर्झोलामाइड देतील. बुबुळ, नाडी, जेवण ह्या तीन गोष्टी रोज एका वहीत लिहून ठेवा, फोनवर सांगायला बरं पडतं.

शहापूर_गल्ली:

मधाचं मागं घेतो. माझ्या आजीला काचबिंदू नव्हता, नुसते डोळे आले होते असं आई म्हणाली.

खानापूरची_अक्का:

गळ्यातला पट्टा अजून आहे काय त्याच्या? काढा. कुत्रं पट्ट्यानं ओढ घेतं तेव्हा मानेवर दाब येऊन डोळ्याचं प्रेशर पण वाढतं, ह्याच्यावर अमेरिकेत अभ्यास झालाय, पट्ट्यानं वाढलं आणि हार्नेसनं (छातीला बांधायचा पट्टा) वाढलं नाही. मला हे उशिरा कळलं.

डोळा काढायचं आईंना नको वाटणार, मला पण नको वाटलं. पण ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी आमची चेंडू मागायला लागली, तोपर्यंत मला कळलंच नव्हतं ती किती दिवस नुसतं सहन करत होती. आईंना फोटो बघायचा असेल तर मेसेज करा. टाके काढून केस आले की फार विचित्र दिसत नाही, मिचकावल्यासारखं दिसतं.

उद्यमबागवाला:

अपडेट द्यायला उशीर झाला, मधे सेकंड शिफ्ट होती.

मॅडमनी टिमोलॉल बंद केलं. आता दोन्ही डोळ्यांत नुसतं डॉर्झोलामाइड तीन वेळा, उजव्यात लॅटानोप्रोस्ट चालूच. चार दिवसांत नाडी ७८ वर आली, गल्लीतल्या मांजरावर भुंकला परत, शेजारच्या काकू म्हणाल्या "आला काय आवाज ह्याचा". त्यांनी पहिल्यांदाच हे आनंदानं म्हटलं असेल.

डाव्या डोळ्याचं मी मॅडमना विचारलं की चांगल्या डोळ्यात औषध कशाला. त्यांनी २००० सालच्या एका अमेरिकन अभ्यासाचं सांगितलं, एका डोळ्याला काचबिंदू झालेल्या कुत्र्यांत दुसऱ्याला औषध दिलं नाही तर साधारण आठ महिन्यांत तो पण जायचा, ड्रॉप्स दिल्यावर ते साधारण तीस महिन्यांपर्यंत लांबलं. त्यातली औषधं वेगळी होती, पण कल्पना तीच. म्हणजे कायमचं नाही, लांबवायचं. बाबा ऐकत होते, म्हणाले, "मग माझं नऊ वर्षं काय चाललंय?"

गेल्या शनिवारी कोल्हापूरला मोजून आलो, निपाणकर थँक्यू. डावा १९. उजवा ४१, सगळं घालून सुद्धा. त्या डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले. डोळ्यात जेंटामायसिनचं इंजेक्शन देऊन आतलं पाणी बनणंच मारून टाकायचं, हे फक्त दिसत नसलेल्या डोळ्यात करतात आणि एकदा देऊन भागेलच असं नाही. दुसरं, आतलं काढून आत सिलिकॉनचा गोळा बसवायचा, दिसायला बरं, खर्च जास्त. तिसरं, डोळा काढून पापणी शिवून टाकायची, त्यानंतर त्या बाजूचं दुखणं पण संपतं आणि औषध पण संपतं. आईला मी गाडीतच सांगितलं, सुतगट्टीच्या घाटात. ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, दुखत असेल तर कशाला ठेवायचं.

पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. आधी रक्त तपासलं, किडनी ठीक आहे. मी दोन दिवस रजा टाकलीय.

घरी आता रात्री नऊला बाबा खुर्चीत बसतात, आधी बंटीचं, हात साबणानं धुऊन मग स्वतःचं. दोन बाटल्या दोन वेगळ्या डब्यांत, बाबांची कपाटाच्या वरच्या फळीवर. बाबा स्वतःचा डोस पूर्वी आठवड्यातनं एकदा तरी विसरायचे, आता विसरत नाहीत कारण बंटी अलार्म वाजला की त्यांच्या धोतराला ओढतो.

अक्का, पट्टा काढला. हार्नेस इथं दोन दुकानांत बघितला, एक पामेरियनच्या मापाचा, एक अल्सेशियनच्या. ऑनलाइन मागवायचाय. छातीचा घेर ५८ सेंटिमीटर आलाय. एम घ्यायचा की एल?

खानापूरची_अक्का:

साईझ प्रत्येक कंपनीची वेगळी असते, अक्षर बघू नका, खाली सेंटिमीटर दिलेले असतात ते बघा. ५८ मधे पडेल असा घ्या, दोन बोटं आत जायला पाहिजेत. आणि डोक्यातनं घालायचा घेऊ नका, टाक्यांना घासेल. बाजूनं बकल असलेला घ्या.

उद्यमबागवाला:

बाजूनं बकलवाला मागवला. बुधवारी येईल म्हणतायत.